तीव्र दमा आणि हालचाल: प्रौढांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीव्र दमा असलेल्या प्रौढांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. श्वसनाच्या फिजिओथेरपीत काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, तेच इथे घेतले आहेत. औषधं आणि त्यांचे डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण औषधं वेळेवर घेऊनही जो माणूस जिन्याच्या धास्तीने घरात बसून राहिला आहे, त्याच्याशी चालण्या-फिरण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा खटाटोप.

माझा दमा ‘तीव्र’ आहे हे कसं ठरतं?

खूप धाप लागते एवढ्यावरून ते ठरत नाही. इनहेलरमधलं स्टिरॉइड मोठ्या डोसमध्ये, आणि त्याच्या जोडीला श्वासनलिका बराच वेळ मोकळी ठेवणारं औषध, अशी दोन्ही औषधं नेमाने आणि बरोबर पद्धतीने घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, किंवा डोस उतरवला की लगेच उसळत असेल, तर डॉक्टर त्याला तीव्र दमा म्हणतात. दम्याच्या सगळ्या रुग्णांत असे साधारण ३ ते १० टक्के असतात.

‘नेमाने आणि बरोबर पद्धतीने’ यावर अडून बसायला हवं. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्या देशात होतात. यामागचं एक मोठं कारण साधं आहे. ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीपायी स्टिरॉइडचा पंप बंद ठेवून लोक फक्त तात्पुरत्या आरामाच्या पंपावर किंवा गोळ्यांवर वर्षं काढतात. असा दमा कठीण भासतो, पण तो खऱ्या अर्थाने तीव्र असेलच असं नाही. म्हणून व्यायामाचं काहीही ठरवण्याआधी पुढच्या भेटीत तुमचा पंप सोबत न्या, डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा आणि चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, मागा.

तीव्र दमा असलेली माणसं खरंच कमी चालतात का?

हो, आणि फरक बराच आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये तीव्र दम्याच्या ६१ प्रौढांच्या आणि त्याच वयाच्या ६१ निरोगी प्रौढांच्या हालचालीची यंत्राने नोंद घेतली गेली. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी माणसं दिवसाला सरासरी ७,८०० पावलं चालत होती, तीव्र दम्याची माणसं सुमारे ५,४००. जरा जोमाची हालचाल, म्हणजे भरभर चालणं किंवा त्याहून जास्त, निरोगी गटात दिवसाला ४० मिनिटांच्या आसपास होती. दम्याच्या गटात ती जवळपास निम्मी होती.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. बसून राहण्याचा वेळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच होता. म्हणजे दमेकरी माणूस दिवसभर लोळत असतो, हा आरोप खोटा आहे. तो घरात वावरतो, कामं उरकतो, ऑफिसलाही जातो. त्याने सोडलेली असते ती फक्त धाप लावणारी हालचाल. आणि शरीराला कसदार ठेवणारी हालचाल नेमकी तीच असते. याच अभ्यासात जे जास्त हालचाल करत होते त्यांची चालण्याची क्षमता जास्त होती, दमा अधिक आटोक्यात होता आणि रक्तातली सूज दाखवणारा आकडाही कमी होता. अर्थात, ज्यांचा दमा बरा आहे तेच जास्त चालू शकतात, असंही यातून म्हणता येईल. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा एका पाहणीतून ठरत नाही. त्यासाठी मुद्दाम व्यायाम देऊन केलेले प्रयोग पाहावे लागतात. ते पुढे येतील.

मी आळशी नाही. मग माझी हालचाल कमी का झाली?

ती एका दिवसात कमी झालेली नसते. सोसायटीच्या जिन्यावर दुसऱ्या वळणावर थांबून मोबाईल काढून बघणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कित्येकदा मेसेज आलेला नसतो, धाप लागलेली लोकांना दिसू नये एवढंच असतं. मग लिफ्ट नसलेल्या घरी जाणं टळतं, लग्नात वरातीबरोबर चालणं टळतं, मंडईऐवजी सामान घरपोच मागवलं जातं. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच असतो. पण या सगळ्यांची बेरीज झाली की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू हळूहळू कमकुवत होतात. कमकुवत स्नायूंना त्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन आणि जास्त श्वास लागतो, म्हणून पूर्वी न लागणारी धाप आता तीन मजल्यांऐवजी एकाच मजल्यावर लागते. माणसाला वाटतं दमा वाढला. तो आणखी कमी हलतो.

याला स्टिरॉइडच्या गोळ्यांची भर पडते. प्रेडनिसोलोनचे कोर्स वारंवार घ्यावे लागले की वजन वाढतं, मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. झटका आवरण्यासाठी त्या गोळ्या लागतात आणि तेव्हा त्या घ्यायलाच हव्यात. मात्र त्यांनी शरीराचं जे नुकसान होतं त्याची भरपाई करणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आणि भीती. ज्याने एकदा मध्यरात्री श्वासासाठी तडफडत दवाखाना गाठला आहे, त्याला ‘घाबरू नका’ एवढं सांगून भागत नाही. साधी धाप आणि दम्याचा झटका यांतला फरक त्याला स्वतःच्या शरीरात ओळखता यायला हवा. त्याशिवाय पाऊल उचललं जात नाही.

धाप लागली म्हणजे अटॅक आला, असंच ना?

नाही. या एका गैरसमजाने जितकी माणसं घरात बसवली आहेत तितकी दुसऱ्या कशानेच नसतील, म्हणून इथे थोडं सावकाश वाचा.

मेहनतीची धाप काम करताना चढते, छाती मोकळी असते, श्वास मोठा आणि भराभर होतो, आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरायला लागते. घाम येतो, चेहरा लाल होतो. ही धाप धोक्याची नाही. व्यायाम लागू पडतोय, एवढाच तिचा अर्थ.

श्वासनलिका आवळल्याची धाप निराळी. ती पुष्कळदा व्यायाम थांबवल्यानंतर वाढते, साधारण पाच ते पंधरा मिनिटांत. सोबत छाती आवळल्यासारखी वाटते, घरघर किंवा सूं-सूं आवाज येतो, कोरडा खोकला थांबत नाही, श्वास बाहेर सोडायला जड जातो. पंपाने ती उतरते. काही न करताही बऱ्याचदा अर्ध्या-एक तासात कमी होते, पण तीव्र दमा असेल तर त्या भरवशावर बसू नका. असं का होतं? एरवी नाकातून आत जाणारी हवा वाटेत ओलसर आणि कोमट होते. जोराचा श्वास तोंडातून घेतला की कोरडी, गार हवा थेट श्वासनलिकांपर्यंत पोहोचते, त्यांचं अस्तर कोरडं पडतं आणि तिथल्या पेशी नलिका आवळणारी रसायनं सोडतात. दमा जितका कमी आटोक्यात तितका हा प्रकार जास्त.

तिसरा प्रकार फारच कमी लोकांना माहीत असतो. काहींना व्यायाम ऐन भरात असताना गळ्याशी काहीतरी बंद झाल्यासारखं होतं, श्वास आत घेताना आवाज येतो, आणि थांबल्यावर काही मिनिटांतच सगळं ठीक होतं. पंप घेऊन फरक पडत नाही. इथे अडचण छातीत नसून स्वरयंत्रात असू शकते. तीव्र दम्याच्या रुग्णांत हे दुखणं दम्यासोबतही आढळतं आणि त्याचा इलाज वेगळा आहे, श्वासाचं आणि स्वराचं प्रशिक्षण. तुमचं वर्णन या प्रकाराशी जुळत असेल तर डॉक्टरांना ‘गळ्याशी अडकतं’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर औषधांचे डोस वाढत राहतात आणि त्रास तसाच राहतो.

घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर टाकता येतो हे मोजणारं छोटं यंत्र, असेल तर शंका आली की फुंकून बघा. तुमच्या नेहमीच्या उत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असाल तर धाप बहुधा मेहनतीची. आकडा ठळकपणे खाली आला असेल तर नलिका आवळल्या आहेत.

व्यायामाने दमा आणखी बिघडत नाही ना?

आटोक्यात असलेल्या किंवा आटोक्यात येत असलेल्या दम्यात, योग्य तयारीनिशी केलेला व्यायाम दमा बिघडवत नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या गटाने मध्यम ते तीव्र दम्याच्या प्रौढांना तीन महिने ट्रेडमिलवर चालवलं. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला फक्त दम्याची माहिती आणि श्वासाचे व्यायाम दिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चालणाऱ्या गटाच्या श्वासनलिकांचा चटकन आवळण्याचा स्वभाव कमी झाला, रक्तातली सूज उतरली, जगण्याचा दर्जा सुधारला. याच गटाने पुढे लठ्ठपणा आणि दमा दोन्ही असलेल्यांवर काम केलं. त्यात नुसता आहार सांभाळण्यापेक्षा आहार आणि व्यायाम एकत्र केल्याने दमा जास्त आटोक्यात आला.

अपेक्षा मात्र योग्य ठेवा. फुंकून काढायच्या चाचणीचा, म्हणजे स्पायरोमेट्रीचा आकडा व्यायामाने फारसा हलत नाही. हे बघून लोक निराश होतात. बदल होतो तो स्नायूंत, हृदयात, दमसासात आणि धापेच्या भीतीत. तेवढ्याच फुप्फुसांवर माणूस जास्त चालतो.

हेही सांगायला हवं की अगदी तीव्र दम्याच्या रुग्णांवर स्वतंत्रपणे केलेले प्रयोग अजून थोडेच आहेत. व्यायामामुळे औषध कमी करता येईल असा दावा कुणी करत असेल तर त्याच्या नादी लागू नका. औषध चालू ठेवूनच चालायचं.

सुरुवात किती पावलांनी करू? मुलाने घड्याळ दिलंय, ते रोज १०,००० मागतं.

घड्याळाचं ते उद्दिष्ट बदलून टाका. १०,००० हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र बाजारात आलं आणि त्याच्या नावातच हा आकडा होता, तिथून तो जगभर पसरला.

पहिला आठवडा काहीही बदलू नका. नेहमीसारखं राहा आणि रोजची पावलं लिहून ठेवा. फोन खिशात असेल तर फोनही पावलं मोजतो, पण बायका घरात फोन ओट्यावर ठेवून वावरतात, तेव्हा तो आकडा कमी येतो हे लक्षात घ्या. आठवड्याची सरासरी काढा. समजा ती ३,२०० आली, तर तुमचं उद्दिष्ट ३,७००, एकदम ६,००० नव्हे. दोन आठवडे ते जमलं की आणखी पाचशे.

नुसती पावलं वाढवून थांबू नका, त्यातली काही भरभर टाका. वेग किती, हे घड्याळापेक्षा तुमचं बोलणं सांगतं: चालता चालता शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. एक वाक्यही पुरं होत नसेल तर वेग जास्त झाला. सलग चालवत नसेल तर दोन मिनिटं भरभर, एक मिनिट सावकाश, असं पाच-सहा वेळा करा. तीव्र दम्यात हा तुकड्या-तुकड्यांचा व्यायाम सलग व्यायामापेक्षा पुष्कळांना मानवतो, कारण श्वास फार चढायच्या आत विश्रांती मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे, आणि जुनाट आजार असलेल्या प्रौढांनाही ती लागू आहे. तिथे पोहोचायला तुम्हाला वर्ष लागलं तरी चालेल. त्याच शिफारशीत हेही म्हटलं आहे की थोडी हालचाल ही अजिबात नसण्यापेक्षा बरी. अगदी कमी चालणारा माणूस थोडा चालू लागतो तेव्हाच त्याला सगळ्यात जास्त फायदा होतो.

व्यायामाआधी पंप घ्यायचा का?

व्यायामाने नलिका आवळतात असं लक्षात आलं असेल तर पुष्कळांना डॉक्टर तो सांगतात. सालब्युटामॉल असेल तर चालण्याच्या १०-१५ मिनिटं आधी. ज्यांना स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप गरजेप्रमाणे घ्यायला सांगितला आहे, त्यांना तोच व्यायामाआधीही चालतो. तुमच्यासाठी कोणता आणि किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दर वेळी आधी पंप घेतल्याशिवाय पाऊलच उचलता येत नसेल, तर रोजचं औषध कमी पडतंय असं समजा आणि लवकर भेटा.

पंपाइतकीच महत्त्वाची सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं. अगदी सावकाश चालत निघा, मग मध्ये मध्ये अर्धा मिनिट वेग वाढवून पुन्हा कमी करा. अशी तयारी केल्यावर बऱ्याच जणांच्या नलिका पुढचे एक-दोन तास सहजासहजी आवळत नाहीत. संपवतानाही एकदम थांबू नका. थंडीत नाकावर मफलर घ्या, आणि जमेल तोवर नाकाने श्वास.

सकाळी पाचला फिरायला जाणं चांगलं ना?

निरोगी माणसाने खुशाल जावं. तुम्ही आधी हवा बघा. हिवाळ्यात पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि रात्रभराचा धूर-धूळ खालीच कोंडून राहतो. ऊन वर आल्यावर तो विरतो. म्हणजे थंडीत तुमच्यासाठी पहाटेपेक्षा नऊ-साडेनऊची वेळ किंवा दुपार कधीही बरी. बसलेल्या माणसाच्या छातीत मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा जाते. भरभर चालताना ती २५-३० लिटरवर जाते. त्या हवेत जे काही आहे तेही त्याच मापाने आत जातं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर तुमच्या शहराचा हवेचा निर्देशांक दिसतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेची ‘सफर’ सेवा पुणे-मुंबईसाठी अंदाजही देते. निर्देशांक १०० च्या आत असेल तर बाहेर पडा. १०० ते २०० मध्ये वेळ आणि वेग कमी करा, हमरस्ता टाळून आतल्या गल्ल्या धरा. २०० च्या पुढे घरातच चाला. हॉलपासून गॅलरीपर्यंतच्या फेऱ्याही चालणंच आहे, फक्त त्या खोलीत त्या वेळी उदबत्ती, धूप किंवा मच्छरांची कॉइल नको.

प्रत्येकाचा वैरी वेगळा असतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींची बुरशी, पावसानंतर माळावर फुललेलं गाजर गवत, सुगीतली मळणीची धूळ, दिवाळीतले फटाके. फटाक्यांत आवाजाच्या बॉम्बची धास्ती सगळ्यांना असते, पण पुण्यात झालेल्या मोजणीत सूक्ष्म धूलिकण सर्वाधिक सोडले ते मुलं आवडीने पेटवतात त्या सापाच्या गोळीने. त्या चार-पाच दिवसांत बाहेरचं चालणं बंद ठेवलंत तर काही बिघडत नाही.

प्राणायाम करतो, मग वेगळा व्यायाम कशाला?

योगाचा दम्यात उपयोग आहे. २०१६ साली पंधरा प्रयोगांचा, हजारावर रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात योगाने जगण्याचा दर्जा आणि लक्षणं थोडी सुधारतात असं दिसलं. संथ श्वास, लांब सोडलेला श्वास आणि शवासन यांनी घाबरल्यावर होणारी भराभर श्वासाची सवय मोडते, आणि हे मी स्वतः रुग्णांना शिकवते. पण बसून केलेल्या प्राणायामाने मांड्या बळकट होत नाहीत. जिना चढायला मांड्याच लागतात.

भस्त्रिका आणि कपालभातीबद्दल माझं मत ठाम आहे: तीव्र दम्यात त्या आपल्या मनाने करू नयेत. जोरजोरात आणि भराभर श्वास घ्यायला लावून श्वासनलिका आवळतात का हे बघण्याची एक वैद्यकीय चाचणीच आहे. जी गोष्ट चाचणीत मुद्दाम त्रास उभा करण्यासाठी वापरतात, ती रोज सकाळी अनवाणी गच्चीवर गार हवेत करण्यात अर्थ नाही. अनुलोम-विलोम, भ्रामरी सावकाश, श्वास न रोखता करा.

ताकदीचे व्यायाम झेपतील का?

चालण्यापेक्षाही सहज झेपतात, कारण ते थोडा वेळ चालतात आणि श्वास तितका चढत नाही. ज्यांच्या पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या बऱ्याच गेल्या आहेत त्यांना मी हेच आधी सुरू करायला सांगते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर ठेवा, उठा, बसा. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. पाच वेळा जमलं तर पाच, थांबा, पुन्हा पाच. ओट्याला धरून टाचा उचला. भिंतीवर हात टेकून दंड काढा. पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या घेऊन हात उचला. एक दिवसाआड. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर कमरेतून एकदम वाकण्याचे आणि वळण्याचे व्यायाम टाळा, बाकीचे उलट जास्त गरजेचे आहेत.

घरकाम व्यायामात धरायचं का?

फरशी पुसणं, कपडे वाळत घालणं, भाजी आणायला चालत जाणं, सगळं धरा. पण कोरडा झाडू, जाळी काढणं, माळ्यावरचं सामान उपसणं आणि मिरचीची फोडणी यांतून जी धाप लागते ती मेहनतीची नसते, धुळीची आणि ठसक्याची असते. ती कामं दुसऱ्या कुणीतरी करावीत. या बाबतीत घरात वाद झाला तरी चालेल.

पोहायला जाऊ का?

ओलसर, कोमट हवेमुळे पोहणं बऱ्याच दमेकऱ्यांना मानवतं. बंदिस्त तलावात क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर मात्र नको, त्या वाफा नलिकांना झोंबतात. एकटे पोहू नका.

इंजेक्शन सुरू केलंय. आता आपोआप दमसास येईल का?

ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, डुपिलुमॅब ही इंजेक्शनं योग्य निवडलेल्या रुग्णात झटके बरेच कमी करतात आणि स्टिरॉइडच्या गोळ्या कमी करायला मदत करतात. श्वासनलिकेची सूज उतरते. पण वर्षानुवर्षं न वापरलेले स्नायू आणि वर्षानुवर्षं जपलेली सावधगिरी इंजेक्शनने जात नाही. झटके थांबलेत तरी पूर्वीइतकाच घरी बसणारा रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. उलट हाच काळ चालणं वाढवायला सगळ्यात चांगला आहे. इंजेक्शन चालू झाल्यावर श्वसन पुनर्वसनासाठी, म्हणजे पल्मनरी रिहॅबसाठी चिठ्ठी मागा. मोठ्या रुग्णालयांच्या छातीविकार किंवा फिजिओथेरपी विभागात साधारण सहा ते आठ आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतात.

वारीला जायचं आहे. जमेल?

आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे. तीव्र दमा असताना सगळं अंतर पायी, हा हट्ट मी धरू देत नाही. पण वारीची आस असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. सहा महिने आधी तयारी सुरू करा आणि एखाद-दोन सपाट टप्पे पायी ठरवा. पुणे-सासवड हा टप्पा लांब, त्यात दिवेघाटाची चढण, तो गाडीने करा. गेल्या तीन महिन्यांत झटका येऊन गोळ्यांचा कोर्स लागला असेल तर या वर्षी पायी नको.

जाणार असाल तर औषधं दुप्पट घ्या आणि दोन पिशव्यांत ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक दिंडीतल्या सोबत्याकडे. सामानाच्या ट्रकमध्ये पंप ठेवायचा नाही. ओले कपडे अंगावर वाळवू नका, स्वयंपाकाच्या धुरापासून लांब झोपा, आणि आपल्याला दमा आहे हे विणेकऱ्याला आणि दिंडीप्रमुखाला आधीच सांगून ठेवा. ट्रेकलाही हाच हिशेब.

कोणत्या दिवशी व्यायाम करायचा नाही? आणि कधी धावपळ करायची?

रात्री दम्याने झोपमोड झाली असेल, ताप किंवा सर्दी छातीत उतरली असेल, आरामाचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागत असेल किंवा पीक फ्लो ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. घरातल्या घरात वावरा.

चालताना छाती आवळली तर थांबा, बसा, पुढे किंचित झुका, आरामाचा पंप घ्या. सालब्युटामॉल असेल तर स्पेसरमधून एकेक पफ, प्रत्येकानंतर अर्धा-एक मिनिट थांबून, जास्तीत जास्त १० पफ. डॉक्टरांनी झटक्यासाठी लिहून दिलेल्या आराखड्यात वेगळं सांगितलं असेल तर तसं. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली असेल, गुंगी येत असेल किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर पफ पुरे होण्याची वाट न बघता १०८ ला फोन करा. आडवं झोपवू नका. छातीत कळ येऊन ती हात-जबड्याकडे जात असेल तर हृदयाची तपासणी आधी. चाळिशीनंतरची सगळी धाप दम्याचीच असते असं धरून चालू नये.

अटॅकनंतर पुन्हा कधी सुरू करू?

स्टिरॉइडचा कोर्स संपला, रात्रीची झोप सलग लागू लागली आणि पीक फ्लो जागेवर आला, की लगेच. खुर्चीवरून उठबस तर त्याआधीही चालते. पूर्वी ६,००० पावलं चालत होता म्हणून तिथूनच धरू नका. निम्म्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत परत जागेवर या. दर झटक्यानंतर चालणं सुटतं आणि पुढच्या झटक्यापर्यंत परत सुरूच होत नाही, हे फार घडतं. म्हणून डिस्चार्जच्या कागदावरच पुन्हा चालायला लागायची तारीख लिहून मागा.

घरच्यांनी काय करावं?

‘तुम्ही बसा, मी आणते’ हे वाक्य प्रेमाचं आहे आणि ते दिवसातून दहादा बोललं जातं. ते कमी करा. आईला पाणी तिचं तिला आणू द्या. बाबा जिन्यात थांबले तर ‘काय झालं, पंप देऊ?’ असा गलका न करता शेजारी उभे राहा, धाप उतरू द्या, मग निघा. झटका कसा ओळखायचा आणि स्पेसर कसा लावायचा हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं. हे ठाऊक असलेला माणूस सोबत असला की रुग्ण बिनधास्त चालतो. आणि पहिले काही आठवडे खरंच सोबत चाला.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं?

साधारण आठ ते बारा आठवडे द्या. पावलांची वही ठेवा. दर महिन्याला त्याच जिन्यावर किती पायऱ्यांनंतर थांबावं लागतं ते लिहा. सहा मिनिटांत किती अंतर चालता ही चाचणी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी फिजिओथेरपी विभागात करून घ्या, ३० मीटरची वाढ ही खरी वाढ मानली जाते. दमा नियंत्रणाची पाच प्रश्नांची चाचणी डॉक्टरांकडे मराठीत मिळाली तर दर महिन्याला भरा. २५ पैकी २० किंवा जास्त म्हणजे दमा आटोक्यात, १५ किंवा कमी म्हणजे लवकर भेटायला हवं. पावलं वाढतायत आणि हा गुण घसरतोय असं दिसलं, तर चालणं थांबवण्याआधी पंपाची पद्धत आणि औषध पुन्हा तपासून घ्या. वही सोबत न्यायला विसरू नका, डॉक्टरांना ती कुठल्याही रिपोर्टइतकीच कामाची असते.